रुमालाखालचा भाव

"उघडलं, काका," उदयसिंह म्हणाला आणि लॅपटॉप त्यानं लालासाहेबांकडं फिरवला.

लालासाहेबांनी चष्मा सारखा केला. त्यांची एकुलती एक लेक राजनंदिनी गेल्या आठवड्यात प्रबुद्ध नावाच्या पोराबरोबर घरातून निघून गेली होती. आता त्या दोघांचं खासगी बोलणं समोर पडद्यावर होतं. 'सोमवारी दुपारी. शिरवळ, स्टँडमागची माझी खोली. तिथूनच लग्नाच्या नोंदणीला जाऊ.'

हे बोलणं त्या दोघांशिवाय कुणालाच वाचता येत नाही, असं त्या मेसेजच्या अ‍ॅपची कंपनी छातीठोकपणे सांगायची. सरकार म्हणत होतं, अतिरेकी पकडायचे तर आम्हाला एक मागचं दार ठेवा. त्यावरून टीव्हीवर रोज भांडणं चालायची आणि लालासाहेब हातातला घास हातात ठेवून सरकारच्या बाजूनं भांडायचे. त्यांचा पुतण्या उदयसिंह पोलिसांच्या सायबरच्या कामात होता. असलं एक दार चाचणीसाठी त्याच्या हाती आलं होतं. अतिरेक्यांसाठी बनलेली किल्ली पहिल्यांदा चालली ती तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याच्या पोरीवर.

लालासाहेबांच्या बेदाण्याच्या शेडमध्येच, पलीकडच्या कोपऱ्यात प्रबुद्धची आई मुक्ताबाई बसली होती. तिची स्वतःची थोडी द्राक्षबाग होती, आणि दरसाल ती आपला बेदाणा याच शेडमध्ये सौद्याला आणायची. यंदा तिला रोज सकाळी बोलावून बसवत होते. तिचा फोन उदयसिंहाच्या खिशात होता, त्यामुळं संध्याकाळी तिला घरी, आपल्या माणसांत सोडायला कुणाची हरकत नसे.

तिच्या शेजारी लालासाहेबांच्या पत्नी लीलाबाई रोज येऊन बसत. मुक्ताबाईचा हात पदराखाली घेत आणि डोळे पुसत राहत.

"रडायचं आसंल तर घरात जा," लालासाहेब खेकसले.

"आवं, तिचंबी लेकरूच हाय की," लीलाबाई म्हणाल्या आणि तिथंच बसल्या.

शिरवळचं नाव घराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून लॅपटॉप मिटून लालासाहेब मुक्ताबाईकडं वळले. "आज तरी बोला. सांगा, कुठं लपवलंय पोराला?"

"लपवाया त्यानं काय चोरी केलीया?"

"मग कुलूप लावून बोलायचं काय कारण? ज्याचं सरळ हाय, त्यानं झाकायचं कशाला?"

"मग तुमी सौद्याला रुमाल कशाला टाकता, लालासाहेब?"

माल उचलणारा एक हमाल उगाचच खोकला.

"त्यो धंदा हाय," लालासाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

बाजारात आता पुकारून लिलाव होत असले, तरी लालासाहेबांच्या शेडमध्ये जुनी चाल सुटली नव्हती. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरत आणि बोटांनीच बोलत. चारचौघांत उभं राहूनही तिसऱ्याला पत्ता लागत नसे. जितकी बोटं धरली, तितका आकडा. तळव्यावर नख ओढलं की भाव फुटला, बाहेरच्याला कळला, आता सांभाळ. मूठ आवळली की सौदा पक्का. लालासाहेबांसारखा सफाईदार हात साऱ्या बाजारात नव्हता. उमेदीच्या वर्षांत जेवणं झाली की घरात जो हात सापडेल तो धरून ते सराव करत. त्याचा त्यांना अजून तोरा होता.

सोमवारी सकाळी दोन जीप निघाल्या. मागच्या जीपमध्ये भावकीतली चार पोरं आणि उसाच्या फडावरच्या काठ्या होत्या.

"आवं, पोराला मारू नगा," लीलाबाई जीपच्या दाराला धरून म्हणाल्या.

"मारत न्हाई. चालता येणार न्हाई एवढं बघतो," लालासाहेब म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. पोरीला केसांना धरून आणायचं आणि पोराला जन्माचा धडा द्यायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

वाटेत उंब्रजला कुणीतरी चहाचं नाव काढलं तर त्यांनी शिवी हासडली. शिरवळला पोचले तेव्हा स्टँडमागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. पोरं काठ्या घेऊन आत घुसली.

आत कुणी नव्हतं. स्टुलावर दोन फोन चार्जिंगला लावले होते, राजनंदिनीचा आणि प्रबुद्धचा. दोन्हींवर मिळून एक पांढरा रुमाल टाकला होता.

परत येताना जीपमध्ये लालासाहेब एकच हिशेब पुन्हा पुन्हा करत होते. आपल्याला मुद्दाम इतक्या लांब पिटाळलं, म्हणजे त्या दोघांना किल्लीचा सुगावा लागला होता. घरातल्याच कुणीतरी दगा दिला होता.

घरी सोप्यावर सगळी भावकी जमली होती. लालासाहेब खुर्चीत बसले ते ओरडतच.

"कुणी फोडलं? नाव सांगा मला त्याचं. जित्ता सोडत न्हाई."

"काका, फोनवरनं एक शब्दबी गेला न्हाई," उदयसिंह हळूच म्हणाला. "मी सगळ्यांचं वाचलंय. घरातल्या एकूणएकाचं."

"सगळ्यांचं म्हंजे?"

"तुमचंबी, काका."

लालासाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. "माझं वाचलंस तू? कुणाला इचारून?"

"किल्ली एकच हाय, काका. ती माणूस बघून चालत न्हाई."

भावकीतल्या दोघातिघांनी आपापले फोन खिशात खोल सारले.

"आन् हिचं?" लालासाहेबांनी लीलाबाईंकडं बोट केलं.

"काकूंच्या फोनवर काय असणार? भजनं, आन् लोणच्याची कृती."

लीलाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून नवऱ्यापुढं ठेवला. मग शेजारी बसल्या आणि सगळ्यांदेखत त्यांचा हात आपल्या पदराखाली घेतला. आजारी माणसाचा हात धरतात तसा बायकोनं आपला हात धरलाय, असंच लालासाहेबांना वाटलं. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

लीलाबाईंनी समोर भावकीकडं पाहत आधी त्यांच्या तळव्यावर नख ओढलं. मग मूठ आवळली.