हलायचं नाही

मुलगी खुर्चीत ताठ बसली होती. हात मांडीखाली, नजर टेबलाच्या कडेवर. मान हलत नव्हती, खांदा उडत नव्हता, घशातून आवाज येत नव्हता. शेजारी बसलेली आई मनातल्या मनात खूश होती. सकाळी वेणी घालताना तिने दहादा बजावलं होतं, मोठ्या माणसांसमोर अजिबात हलायचं नाही, आवाज काढायचा नाही, आपली शोभा करून घ्यायची नाही. आता या माउलीला काय म्हणावं! पोरीला टूरेट सिंड्रोम आहे म्हणून एका समाजसेवी संस्थेत मदत मागायला आली आणि तेच झाकून बसली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

मदत तशी साधीच होती. मुलीची मान मध्येच झटका खायची आणि घशातून बारीक चीं असा आवाज निघायचा. ना तिच्या मनात असायचं, ना तिच्या हातात. वर्गात तिचं नाव चिमणी पडलं होतं आणि त्याचं तिला आता काही वाटत नसे. पण गेल्या वर्षी वार्षिक परीक्षेत मुलांनी तक्रार केली आणि पर्यवेक्षकांनी तिला अर्ध्या पेपरातून उठवलं. वर्ष गेलं ते गेलंच. यंदा शाळा तिला स्वतंत्र खोली द्यायला तयार होती, पण तिथे पर्यवेक्षक म्हणून बसायला माणूस नव्हता. तो माणूस ही संस्था देणार होती. नाही दिला तर चिमणी पुन्हा सगळ्यांच्या मध्ये, आणि यंदाही नापास झाली तर शाळा बंद, असं वडिलांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

टेबलापलीकडे संस्थेच्या अध्यक्षबाई आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. दोघंही भली माणसं. अशा मुलांचं काम त्यांनी यंदाच हाती घेतलं होतं. बाईंनी प्रेमाने विचारलं, आवडता विषय कोणता? मुलगी म्हणाली, हो. मुख्याध्यापकांनी पंधराचा पाढा विचारला, तर म्हणाली, आठवीत. घरी कोण कोण असतं, यावर तिने नुसती पापणी हलवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोर गुणी आहे, पण डोक्याने बेताचीच, हे न बोलताच ठरून गेलं.

मग बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की एवढ्या वेळात मुलीला एकही झटका आला नाही, चांगलंच आहे. हिच्याहून जास्त त्रास असलेली मुलं आहेत, माणूस त्यांना द्यावा लागेल. अभ्यासासाठी म्हणाल तर एखादी शिकवणी लावा.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने घाईघाईने कबूल केलं की मीच बजावलं होतं, माझ्या शब्दाखातर पोरीने सगळं दाबून धरलंय. झालं, सगळंच मुसळ केरात.

"म्हणजे सांगितलं की हिला थांबवता येतं," मुख्याध्यापक म्हणाले. "मग परीक्षेतही सांगा. तीन तासांचा तर प्रश्न आहे."

पोरीच्या पायावर आपणच धोंडा मारला, असं वाटून आईला रडू फुटलं.

मुलीने मान वळवून आईकडे पाहिलं. मांडीखालचे हात बाहेर काढले आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सोडून दिलं. मान उडाली, खांदा उडाला, चीं चीं आवाज निघाला, पुन्हा मान. बराच वेळ ते चाललं. आईने हाताने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. हळूहळू झटके विरळ झाले. मुलीने मोठा श्वास घेतला आणि समोरच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"आता विचारा," ती म्हणाली. "मघापासून मी नुसती मान धरून बसले होते. तुमचा एकही प्रश्न मला ऐकू आला नाही."