चौथी पाटी

कोयनानगरच्या घाटरस्त्याला पायवाटांच्या चार पाट्या होत्या. तीन वाटा सगळ्यांसाठी. चौथीवर लिहिलं होतं, ‘अवघड. महिलांनी टाळावी.’

कुपवाडहून ग्रुपसोबत आलेल्या मदिहाने चौथीच निवडली.

“आगं, सपाट वाट घे की!” ग्रुपचा म्होरक्या राजवर्धन हसला. “मधनं परत फिरलीस तर फुडच्या ट्रेकला घेणार न्हाई.”

“आणि तू फिरलास तर रं?” म्हणत ती चढू लागली. तिच्यामागोमाग निघालेले राजवर्धन आणि त्याचे दोस्त निम्म्या चढावर धापा टाकत बसले. ती थांबली नाही.

माथ्यावर देवीचं देऊळ होतं. दर मंगळवारी वस्तीवरच्या बायका डोक्यावर घागर घेऊन याच वाटेने देवीला पाणी घालायला यायच्या. आज मंगळवार होता. मदिहाने स्वतःला धरून माणसं मोजली.

बायका बारा. पुरुष शून्य.