डोक्यावरचा पदर

रुचिकाचा फायदा तसा उघड होता: जत्रेच्या नाटकात वकीलबाईचं काम आणि गावादेखत मान वर करून दोन तास बोलणं. आजवर त्यासाठी पनवेलहून नटी यायची. "माझी सून उभी करा" म्हणून कमिटीशी भांडले ते सासरे कोंडाजीच. रंगीत तालमीला ते ऐटीत समोर बसले आणि घोटाळा झाला. त्यांच्याकडे नजर जाताच ती काळ्या कोटावरून पदर डोक्यावर घ्यायची. "वहिनी, चेहरा दिसू द्या, पहिला धडा तोच," दिग्दर्शक चौथ्यांदा म्हणाला. "मी कुठं घेते? हातच जातो." "बाय, माझी काय हरकत न्हाय," कोंडाजी म्हणाले. पदर आणखी खाली आला. दिग्दर्शकाने फोन काढला. "पनवेललाच विचारतो." कोंडाजी उठून बाहेर गेले; आत पदर खांद्यावरच राहिला आणि संवाद म्हणताना तिचा आवाज चढला. जत्रेत टाळ्या रुचिकाला, शाबासकी दिग्दर्शकाला. नाटक गावाने पाहिलं; कोंडाजींनी मंडपामागून ऐकलं.