बाराव्याचा गुरुवार

बारावा गोऱ्हा गुरुवारी काहीच खात नाही, असे कंपनीच्या साहेबीणबाई फियोनाने पडद्यावरची कोसळलेली रेघ दाखवत जाहीर केले, आणि लीड्सच्या त्या ऊबदार मीटिंग-रूममध्ये सुश्रुतने गळ्यातला मफलर आणखी घट्ट केला.

मफलरखाली बाराव्या गोऱ्ह्याचा पट्टा होता.

वसंतातले कोवळे गवत दिसायला हिरवेगार, पण त्यात मॅग्नेशियम कमी. मांसासाठी वाढवलेल्या जनावरांना कुरणावर काय कमी पडते, हे त्यांच्या चघळण्यावरून ओळखणारे पट्टे सुश्रुतने घडवले होते. ग्रॅहम नावाच्या शेतकऱ्याच्या डोंगरउतारावरच्या कुरणात बारा गोऱ्ह्यांवर त्यांची चाचणी चालली होती. बाराव्याने दगडी भिंतीला मान घासून पट्टा काढून टाकला. पुन्हा बांधायला गेलेल्या ग्रॅहमला त्याने चिखलात लोळवले. ग्रॅहमने पट्टा सुश्रुतच्या हाती ठेवला.

एक जरी जनावर कमी झाले तरी चाचणी बाद, असा करार होता. चाचणी बाद झाली की सुश्रुतची नोकरी जाणार होती, आणि नोकरीपाठोपाठ व्हिसा. पट्टा फक्त जबड्याची हालचाल मोजतो. चघळणारा कोण, हे तो विचारीत नाही. सुश्रुतने तो स्वतःच्या गळ्यात बांधला. तेव्हापासून तो दिवसभर गाजरे, काकड्या, कोरडे ओट्स चघळत राही. तेवढ्याने भागेलसे वाटेना, म्हणून नोकरी टिकावी यासाठी त्याने दत्ताचे गुरुवार धरले. गुरुवारी फक्त चहा.

आता सारे कबूल करावे म्हणून तो उठला. पण फियोनाने दुसरी रेघ दाखवली. वजनात बारावाच सर्वांच्या पुढे होता. त्याचे कारण ग्रॅहमने सुश्रुतला केव्हाच सांगितले होते: तो आडदांड जीव रोज भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या क्लोव्हरच्या कसदार चाऱ्यावर ताव मारीत असे.

“पुढच्या गुरुवारपासून सगळ्याच गोऱ्ह्यांना उपास,” फियोना म्हणाली. “पट्टा तुझा, सुश्रुत, म्हणजे शोधही तुझा. तुला कायम केलंय.”

टाळ्या वाजल्या. उभा राहिलेला सुश्रुत आभार मानून खाली बसला.

लंडनजवळ स्लाऊमध्ये नोकरी करणाऱ्या बायकोला, ऋजुताला, त्याने फोन केला, तेव्हा ती आधी मनसोक्त हसली आणि मग पक्की गृहिणी झाली. “नवस फळला ना? मग उद्यापन कर. अकरा जणांना पोटभर जेवू घाल आणि मगच तू जेव. पाहुण्यांना सँडविचवर कटवू नकोस.”

त्याने साऱ्या ऑफिसला गुरुवारचे आमंत्रण दिले, पण कुणीच येईना. कुणाचे डाएट होते, कुणाला स्क्रीनसमोर एकट्याने जेवण्याची सवय होती. फियोनाने तर बाराव्याचा आदर्श घेऊन स्वतःच गुरुवार धरला होता.

गुरुवारी तो उपाशीपोटी कुरणावर पोचला. उपासासाठी बंद केलेल्या कुरणाच्या फाटकामागे अकरा गोऱ्हे ओळीने उभे होते, यजमानाची वाट पाहणाऱ्या पंगतीसारखे. त्यांच्या ओल्या डोळ्यांत धुके आणि हिरवळ एकमेकांत मिसळून गेली होती. पलीकडे क्लोव्हरमध्ये बारावा रवंथ करीत बसला होता. जगात भूक नावाचे काही असते, हे त्याच्या गावीही नव्हते.

“फाटक उघडलंस तर तुझ्या साहेबीणबाईंना तिथं बसल्याबसल्या कळेल,” ग्रॅहमने बजावले.

सुश्रुतला ते ठाऊक होते. किती वेळ तो फाटकाच्या गार कडीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने कडी काढली. पंगतीत गोड हवे म्हणून मॅग्नेशियम घातलेल्या काकवीची बादली मध्ये नेऊन ठेवली, हात जोडले, आणि आपल्या घरच्या भाषेत म्हणाला, “सावकाश होऊ द्या.”

अकरा माना एकदम खाली झुकल्या. खिशातला फोन लगेच वाजला.

“अकरा जण खातायत,” फियोना ओरडली. “बारावा का खात नाही?”

सुश्रुतने मफलर सोडला. गळ्याला वारा लागला.

“पाहुण्यांचं झाल्याशिवाय यजमानानं जेवायचं नसतं,” तो म्हणाला.