रिकामं घर, लगेच ताबा

"दार ढकलू नका, आधी जरा वर उचला," म्हातारी जिन्यावरून ओरडली. "खाऱ्या हवेनं फुगलंय ते."

घर बघायला आलेल्या जोडप्यातल्या नवऱ्यानं दार उचललं. ते उघडलं. मागोमाग त्याची बायकोही वरच्या मजल्यावर आली आणि खिडकीतून समुद्र दिसताच दोघं गप्प झाली. गप्प होणारी माणसं घर घेतात, असं दलालानं म्हातारीला सांगून ठेवलं होतं.

जाहिरात तिच्या मुलानं लांबच्या शहरात बसून दिली होती. 'समुद्राजवळ दुमजली घर, सुट्टीसाठी उत्तम. रिकामं. लगेच ताबा.' खरं तर तिचा नवरा वारल्यापासून सहा वर्षं ती खालच्या मजल्यावर एकटी राहत होती. रिकामा होता तो वरचा मजला. मुलगा, सून, नातवंडं सुट्टीला यायची, त्यांच्यासाठी ठेवलेला. त्यांना येऊनही चार वर्षं झाली होती. घर तिच्या नावावर होतं, पण "आई, तू फक्त सही कर, बाकी मी बघतो," असं मुलगा म्हणाला आणि तिच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. घर विकलं की तिनं त्याच्याकडे जायचं होतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी तिच्या पलंगाची जागा त्यानं मोजूनही ठेवली होती. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

नाही म्हणता येईना, म्हणून तिनं खरं बोलायचं ठरवलं. येईल त्याला घराचे झाडून सगळे दोष दाखवायचे. पाच गिऱ्हाइकांनी काढता पाय घेतला. दलालानंही कंटाळून येणं सोडलं. तो आता लोकांना नुसता पत्ता देऊन मोकळा व्हायचा. त्यामुळे आज हे जोडपं आलं तेव्हा ओळख करून द्यायला कुणी नव्हतं. म्हातारी ओल्या फडक्यानं खिडकीचे गज पुसत होती. घर रिकामं असल्याचं वाचून आलेली माणसं दुसरं काय समजणार?

"मालक कुठे असतात, मावशी?" नवऱ्यानं विचारलं.

"लांब," ती म्हणाली. तसं ते खोटंही नव्हतं.

मग ती सुरू झाली. मोटर आधी नुसती गुरगुरते, बंद करून थोड्या वेळानं पुन्हा लावावी लागते. गजांवरचं मीठ आठवड्यातून दोनदा पुसलं नाही, तर गंज चढलाच. वाऱ्याच्या दिवसांत मागची खिडकी खडखडते, तिच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घालायची, आणि पुठ्ठा जाडच हवा. आजूबाजूची सगळी घरं सुट्टीची, एरवी बंद. हाक मारली तर ओ द्यायला गल्लीत चिटपाखरू नसतं.

हे शेवटचं बोलताना तिचा आवाज उगाच चिरकला. बायकोनं तिच्याकडे नीट बघितलं. मग ती खाली स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर टेकली, नवऱ्याशी हळूच काही बोलली आणि म्हातारीकडे वळली.

"मावशी, आम्ही येणार महिन्यातून दोन दिवस. या घराचे इतके लाड आमच्याच्यानं व्हायचे नाहीत. घेऊ, पण एका अटीवर."

"कुठल्या?"

"तुम्ही इथंच राहायचं. खालचा मजला तुमचा. राहाल ना?"

लोकांना पळवायचा डाव असा अंगावर आला होता. मीच मालकीण, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण राहाल ना, असं तिला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचा रागही आला.

"राहीन," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"घेतायत? काय सांगतेस!"

"सही कधी करायची ते कळव," ती म्हणाली. सहीच्या दिवशी मालकिणीला बघून त्या दोघांचं तोंड कसं होईल, या कल्पनेनं तिला हसू फुटलं.

"आणि आई, सामान बांधायला लाग. पुढच्या महिन्यात गाडी पाठवतो."

"नको पाठवूस," म्हातारी म्हणाली. "मला त्यांनी राहा म्हटलंय."