आप्पांची गाडी वापस चालली

तेजश्री बॉनेटला पाठ लावून उभी राहिली. चावी तिच्या मुठीत होती. मागच्या सीटवर तिची दोन्ही लेकरं नवे कपडे घालून बसली होती. गाडीला हार घातलेला, काचेपुढं लिंबू-मिरची टांगलेली. नारायणगडला दर्शनाला निघायची सगळी तयारी झाली होती, फक्त सूनबाई आडव्या आल्या होत्या.

"बाजूला हो, पोरी," आप्पा म्हणाले.

"न्हाई व्हायची, मामा. आधी लेकरं खाली उतरवा."

सासऱ्यापुढं ती असं कधी बोलली नव्हती. आप्पा म्हणजे माजी सरपंच. त्यांच्यापुढं गावात भले भले गडी आवाज चढवत नसत. पण गाडी घेताना शोरूमात फोन नंबर तेजश्रीचा दिला होता आणि कंपनीचा मेसेज तिलाच आला होता. ह्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये बिघाड आहे. आतलं तेल गळून उभ्या गाडीलासुद्धा आग लागू शकते. चालवू नका, घराजवळ लावू नका, आमचा ट्रक येऊन घेऊन जाईल, फुकट दुरुस्त करून देईल. आणि इथं गाडी ओसरीला खेटून उभी, शेजारी कडब्याची गंज, पुढं धारूरचा घाट! तिनं सकाळीच फोन करून ट्रक बोलावला होता.

आप्पांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांची भीती वेगळीच होती.

"ट्रकवर घालून गाडी नेली की गाव एकच म्हणतंय. हप्ते थकले, फायनान्सवाल्यानं वढून नेली! त्या राधाकिशनचा ट्रॅक्टर नेला तवा..."

आप्पा मध्येच थांबले. राधाकिशनचा ट्रॅक्टर नेला तेव्हा पारावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"आन् त्या अजिनाथला तर आयतंच सापडंल!"

अजिनाथ म्हणजे आप्पांचा निवडणुकीतला वैरी. आप्पांनी पांढरी गाडी घेतली, तर ह्या बहाद्दरानं लगेच तसलीच काळी आणून दारात लावली.

"बघ, तो कव्हर घालून कसा जपतोय. बाहेरसुदिक काढंना गाडी. आन् माझी उचलून न्यायची? लोक हसतील, पोरी."

"हसू द्या की! उद्या लेकरं भाजली तर हसणारे वापस आणून देणारेत का?" तिचा आवाज चिरकला, पण ती हलली नाही. "आन् चोरून कावून न्यायची? वाजत-गाजत नेऊ. सटवाला सांगते हलगी घेऊन यायला."

आप्पांनी मागचं दार उघडलं आणि एकेका नातवाला खाली उतरवलं.

ट्रक आला. गाडी वर चढली. तेजश्रीनं पुढच्या काचेला कुंकू लावलं. सटवानं हलगीवर अशी काही थाप मारली की गल्लीतली म्हातारी माणसंही दारात आली. पुढं सटवा, मागं ट्रक, ट्रकमागं पदर खोचून तेजश्री आणि तिच्या मागं मान खाली घालून आप्पा.

अजिनाथ आपल्या फाटकापुढं उभाच होता.

"काय आप्पा, हप्ते थकले का काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. तेजश्रीच्या डोक्यावरचा पदर घसरला. तिनं तो तसाच राहू दिला.

"हप्ते न्हाई थकले, अजिनाथभाऊ. ब्रेक खराब हायेत. चूक कंपनीची हाय, लाज आमी कावून धरावी?"

सटवाचा हात थांबला. अजिनाथचं हसू तोंडावर तसंच अडकून बसलं. तेवढ्यात त्याच्यामागचं फाटक सताड उघडलं. त्याची बायको दीपमाला काळ्या गाडीचं कव्हर फरफटत बाहेर घेऊन आली आणि नवऱ्याकडं न बघता तिनं ते त्याच्या पायाशी टाकलं.

"थांबू नको रं, सटवा," ती म्हणाली. "वाजव. आमचीबी निघतीय."