पॅलेडियमशिवाय

मधुसूदन सरांनी मोनालीला ॲप्रनचे खिसे उलटे करायला लावले. एक पेन, उमरेडच्या बसचा पास आणि एक सेफ्टी पिन निघाली. सरांनी पिनसुद्धा उजेडात धरून पाहिली. संशय आला की माणूस काय काय तपासेल, नेम नाही.

भानगड अशी होती. बोरॉनिक ॲसिड दुसऱ्या रेणूला जोडायचं तर चिमूटभर पॅलेडियम हा धातू लागतो, सगळी दुनिया तसंच करते. मोनालीच्या फ्लास्कमध्ये मात्र ते पॅलेडियमशिवाय जुळत होतं. एकदा नाही, सहा वेळा. खरं असेल तर मोठा पेपर, आणि तिची चार वर्षं अडकलेली पीएचडी मोकळी. पण ती चोरून पॅलेडियम टाकते असं निघालं, तर मात्र लॅबमधून नाव कायमचं कमी. तसं सरांनी सकाळीच बजावलं होतं.

पॅलेडियमची बाटली त्यांनी स्वतःच्या कपाटात कुलपात घातली. मग दोघांनी शेजारीशेजारी, एकाच मापाने दोन फ्लास्क लावले. एक तिचा, एक त्यांचा. दोन तास सर जागचे हलले नाहीत. तिने साधं नाक पुसलं तरी ते तिकडे बघत.

दोन तासांनी दोन्ही फ्लास्कमधला एकेक थेंब तपासणीच्या प्लेटवर लावून ती दिव्याखाली धरली; रेणू जुळले असतील तर नवा ठिपका दिसतो. मोनालीच्या फ्लास्कचा नवा ठिपका ठसठशीत उमटला होता. सरांच्या फ्लास्कचा नव्हता.

"काहून वं मोनाली," सर म्हणाले, "माझ्या हातानं होत नाही अन् तुझ्याच हातानं होते?"

तिला रडू यायचंच बाकी होतं. पण त्याआधी राग आला, आणि ते बरंच झालं. तिने दोन्हीकडचं सामान टेबलावर मांडून ताडून पाहिलं. द्रावणं एकाच बाटलीतली, फ्लास्कही नवे. फरक होता तो फक्त द्रावण ढवळायला आत गरगर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कांडीत. सरांची नवीकोरी होती. तिची कांडी लॅब सोडून गेलेल्या सीनियरने दिलेली, म्हणजे त्याआधी कितीतरी जणांनी पॅलेडियममध्ये फिरवलेली. त्या कांडीवरचा काळपटपणा घासूनही गेला नव्हता.

कांड्यांची अदलाबदल करून त्यांनी पुन्हा सगळं लावलं. पाच वाजता प्लेटवर सरांच्या फ्लास्कचा ठिपका आला. मोनालीच्या फ्लास्कचा आला नाही.

म्हणजे काम करत होतं ते कांडीला चिकटलेलं जुनं पॅलेडियम. ती चोर नव्हती. आणि शोधबिध काही लागला नव्हता. ती टेबलाला टेकून उभी राहिली.

सरांनी दार लोटून घेतलं. आवाज एकदम मऊ झाला.

"हे कोणाले सांगायचं काम नाही. आपण पॅलेडियम टाकलं काय? नाही टाकलं. मग पेपरात तसं लिहिलं तरी ते खरंच आहे."

मोनालीने वही ओढली. दिवसभराचं सगळं लिहिलं, कांडीचंही. रोजच्या रिवाजाप्रमाणे पानाखाली सरांच्या सहीला जागा सोडली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

"राहू दे इथंच," सर म्हणाले. "उद्या करतो सही."

मोनालीने वहीवरचा हात काढला नाही.

"नाही सर. वही तुमच्याजवळ ठेवून जायचा मले भरोसा नाही. आत्ताच करा."